सगळ्यांचा टॉवेल

मी एक जुना टॉवेल आहे, मित्रांनो, आणि मी मूळचा निळा आहे. आता हे सांगावं लागतं.

माझी गोष्ट कापसापासून सुरू होते, पण तो भाग मला आठवत नाही. तुम्हालाही तुमचं पाळण्यातलं आठवत नसणार, तेव्हा फिट्टंफाट. पहिली आठवण गिरणीतली. खटाखट आवाज चालला होता, मग कुणीतरी माझ्या कडेला पिवळा पट्टा विणला आणि कोपऱ्यात बोटभर पट्टी शिवली. तिच्यावर छापलं होतं, ‘गरम पाण्यात धुवावा’. हा सल्ला पुढे कित्येक वर्षं कुणी वाचला नाही. माझ्याच अंगावर लिहिलेला होता, तरी.

दुकानातून मला एका माणसाने घेतलं. हा माणूस गाडी चालवायच्या परीक्षेत इतक्या वेळा नापास झाला होता की परीक्षक त्याच्या घरच्यांची ख्यालीखुशाली विचारायचे. शेवटी एकदाचा पास झाला, आणि ज्यांनी शिकवलं त्या सरांना त्याने मला भेट दिलं. सर म्हणाले, “टॉवेल कशाला?”

तो म्हणाला, “सर, माझ्यामुळे तुम्हाला फार घाम फुटला.”

अशा रीतीने मी सरांच्या घरी आलो. घरात त्यांना बाबा म्हणतात, म्हणून मीही बाबाच म्हणतो. घरात आई होती. ती एका मोठ्या लॉन्ड्रीत काम करायची. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे अभ्रे, सगळं उकळत्या पाण्यातून काढायची. मला मात्र तिने पहिल्याच दिवशी हातात घेऊन सांगितलं, “ह्याला गारच पाणी. मऊपणा जाईल नाहीतर.” दिव्याखाली अंधार असतो, हे मी ऐकून होतो. पण मी स्वतः तो अंधार असेन, असं वाटलं नव्हतं.

मी आलो त्याच आठवड्यात त्यांना मुलगी झाली. तिला पहिल्या आंघोळीनंतर माझ्यात गुंडाळलं. ती रडायची थांबली. खरं म्हणजे तिला झोप आली होती, पण श्रेय मला मिळालं. आई सगळ्यांना सांगू लागली, “आमच्या घरात जो येतो, तो आधी ह्याच्यात येतो.” ती मुलगी मोठी झाली, लग्न करून दुसऱ्या गावी गेली. तिला सगळे ताई म्हणतात. पुढे आईचा भाऊ, म्हणजे मामा, राहायला आला, तेव्हा पावसात भिजलेला होता. त्यालाही आईने माझ्यात गुंडाळलं. तोही झोपला.

मामा घरांना रंग द्यायचा. येताना त्याने एक शिडी आणि एक बिस्किटांचा डबा आणला होता. डब्यात बिस्किटं नव्हती. गोळ्या होत्या. कुणाच्या खोकल्यातून उरलेल्या, कुणाच्या दाढेतून उरलेल्या, कुणाच्या तर कशातून उरल्या ते त्या माणसालाही माहीत नव्हतं. मामाने एकदा एका डॉक्टरांच्या बंगल्याला रंग दिला होता. तेव्हापासून तो औषधांबद्दल बोलताना आवाज खाली आणायचा.

घरात टॉवेल चांगले चार होते. पण सगळ्यात जाड मी, सगळ्यात मऊ मी. त्यामुळे ज्याच्या त्याच्या खुंटीवर ज्याचा त्याचा टॉवेल नव्यासारखा कोरडा लटकायचा आणि तोंड, हात, पाठ पुसायला सगळे माझ्याकडे यायचे. बाबांची आंघोळ झाली की मामा, मामाची झाली की आई. मी कधी पूर्ण वाळलोच नाही, मित्रांनो. ओला असणं हाच माझा स्वभाव आहे, असं मी धरून चाललो होतो.

मग बाबांना फोड आला. बसायच्या जागी.

“केसतूड आहे,” बाबा म्हणाले. “जाईल आपोआप.”

बाबांचा धंदा बसून करायचा. शिकाऊ माणूस गाडी चालवणार आणि बाबा शेजारी बसून जादा ब्रेकवर पाय ठेवणार. फोडामुळे ते एका बाजूवर कलून बसू लागले. आता सर डावीकडे कलले, की शिकाऊ लोकांना वाटायचं, डावीकडे वळायला सांगतायत. त्या आठवड्यात एक बाई भाजीच्या दुकानात, एक गृहस्थ शाळेच्या फाटकात आणि एक कॉलेजातला मुलगा स्वतःच्याच घरी पोचला.

संध्याकाळी मामाने डबा उघडला. फोड पाहिला, डोळे बारीक केले, अंगठा पुढे धरून शेड जुळवली.

“पिवळट आहे. पिवळी चालेल.”

“कशाची आहे ती?” आईने विचारलं.

“पिवळीच आहे.”

“अरे, पण कशावरची?”

“अगं, भिंत बघून रंग ठरवतात. डबा बघून नाही.”

बाबांनी पिवळी घेतली. फोड थोडा बसला, तशी त्यांनी ती थांबवली. फोडाने दम खाल्ला आणि मोठा होऊन परत आला. आता ते गळू झालं होतं. मग मामाने लाल-काळी दिली, ती ताकदीची असते म्हणून. तेवढ्यात मामालाच काखेत एक आलं, आणि हात वर जाईना. त्याच्या हातचं एक घर असं आहे की त्याच्या भिंती छातीपर्यंत रंगवलेल्या आहेत. घरमालकाला ती नवी पद्धत वाटली. शेवटी आईच्या हातावर, कोपराच्या खाली आलं. फोड घरात पाहुण्यासारखा फिरत होता. एकाकडे मुक्काम झाला, की दुसऱ्याकडे.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण ताईचे दिवस भरत आले होते. बाळंतपण तिकडे आणि मग बाळाला घेऊन महिनाभर आईकडे, असं ठरलेलं होतं. आईने लॉन्ड्रीत रजा सांगून ठेवली होती. पाळण्याला मामाने रंग दिला होता, त्याला हात वर करावा लागत नव्हता म्हणून. आणि मला घडी घालून पाळण्यात ठेवलं होतं. पुढच्या सकाळी मामाने तोंड पुसायला मला परत काढलं, ते सोडा.

त्या दुपारी ताईचा फोन आला. आईने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, कारण तिला तो हात कानापर्यंत न्यायला दुखत होतं.

“आई, घरात माणसं तीन आणि गळवं तीन. मी बाळाला घेऊन कशी येऊ?”

“आपल्याच घरी यायला विचारतेस?”

“घराला नाही विचारत. गळवांना विचारतेय.”

“अगं, साधे फोड आहेत. उष्णतेचे.”

“साधे असते तर गेले असते. आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय, तान्ह्या मुलाला असलं काही लागलं तर फार महागात पडतं. तुमचं बरं होऊ दे, मग येते. नाहीतर नाही येत.”

“नाही येत म्हणजे?”

“म्हणजे नाही येत, आई.”

आईने फोन ठेवला. मग पाळण्याजवळ गेली आणि नुसती दांडीला धरून उभी राहिली. पाळणा थोडा हलला. त्यात कुणी नव्हतं. मीही नव्हतो, मी मामाच्या खांद्यावर होतो. आई म्हणाली, “उद्या दवाखान्यात जायचं. तिघांनी. आणि तू तो डबा घे.”

दवाखाना गल्लीच्या टोकाला होता. बाहेर लाकडी बाक, वजनाचा काटा आणि एक पंखा. पंखा दर फेरीला ‘टक’ करायचा, आणि लोक त्याच्याकडे असं बघायचे की जणू त्याचाही नंबर लागलाय. बाबांना बाकावर बसवेना. म्हणून त्यांनी घरून येताना मला आणलं होतं. माझी चार पदरी घडी केली आणि माझ्यावर बसले. माणसाच्या आयुष्यात चढउतार असतात. टॉवेलच्याही असतात, पण हा उतार जरा वजनदार होता.

डॉक्टर म्हणजे एक मध्यमवयीन बाई होत्या. चष्मा कपाळावर, तो त्या शोधायच्या. तिघं आत गेले तेव्हा बाबांनी खुर्चीवरही मला घातलं. डॉक्टरांनी विचारलं, “आधी काय औषध घेतलं?”

“पिवळी,” मामा म्हणाला.

“नाव काय तिचं?”

“पिवळी.”

“आणि नंतर?”

“लाल-काळी. मधे दोन पांढऱ्या.”

“पांढऱ्या कशासाठी?”

“प्रायमर म्हणून.”

डॉक्टरांनी चष्मा सापडलेला असूनही थोडा वेळ शोधला. मग त्या म्हणाल्या, “ह्या गळवात पू साचलाय. तो आत आहे तोवर गोळी कुठल्याही रंगाची घ्या, उपयोग नाही. आधी चिरा देऊन तो काढायचा. तेच मोठं औषध. त्यातला थोडा लॅबला पाठवू.”

पडद्यामागे बाबांना पालथं झोपवलं. बाबांना घाबरलं की शिकवायची सवय. आतून आवाज येत होता, “हळू. हळू. घाई नको. समोर बघा.”

सिस्टर म्हणाल्या, “सर, ब्रेक माझ्याकडे आहे. तुम्ही नुसते पडून राहा.”

बाबा पडून राहिले. चिरा दिला, पू निघाला, पट्टी झाली. मामाचंही तसंच केलं. आईचं लहान होतं, तिला गरम शेक आणि झाकून ठेवायला सांगितलं. बाबा बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा परीक्षेत पास झालेल्या माणसासारखा होता. ते सरळ बसले. माझ्यावरच.

लॅबचा रिपोर्ट यायला काही दिवस गेले. त्या दिवसांत पट्ट्या बदलल्या, आणि मी होतो तिथेच होतो, सगळ्यांच्या तोंडावर. रिपोर्ट आला तेव्हा तिघं परत गेले. मी बाबांच्या खाली.

डॉक्टर म्हणाल्या, “हा जंतू नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही. लॅबने त्याच्यासमोर एकेक औषध ठेवून पाहिलं. तुमची पिवळीही त्यात असणार. त्याला काही झालं नाही.”

मामाला हे लागलं. “लाल-काळी?”

“तिलाही नाही.”

“म्हणजे आम्ही त्याला चिवट केला?”

“तो असा कुठून आला, ते मला सांगता येणार नाही. पण अर्धवट गोळ्यांनी साधे जंतू मरतात आणि ह्याला जागा मोकळी होते. तुम्ही त्याला घर रिकामं करून दिलंत.” त्यांनी एक कागद पुढे सरकवला. “ह्या गोळीला तो दाद देतो. तुमच्या दोघांची जखम मोठी आहे, दोघांनी घ्यायची. बरं वाटलं तरी सांगितल्या दिवसापर्यंत. आता मला सांगा, एकाचं दुसऱ्याला लागतंय कसं? घरात काय काय एकत्र वापरता?”

“काहीच नाही,” आई म्हणाली. “ज्याचं ताट त्याचं. ज्याचा कंगवा त्याचा.”

“साबण?”

“वडी एकच आहे.”

“टॉवेल?”

“चार आहेत. प्रत्येकाला वेगळी खुंटी आहे,” आई अभिमानाने म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली आणि त्यांची नजर खाली गेली. “हे काय आहे?”

“हा ना, आमचा टॉवेल,” बाबा म्हणाले. “बसायला आणलाय.”

“हा कोण वापरतं?”

पंखा बाहेर ‘टक’ म्हणाला. सगळे माझ्याकडे बघत होते. मला काही बोलावंसं वाटलं, पण बाबा माझ्यावर बसलेले होते, त्यामुळे मला ह्या प्रसंगाला तोंड देता आलं नाही.

“सगळे,” शेवटी आई म्हणाली.

“धुता कशात?”

“गार पाण्यात.”

“मागच्या वेळी म्हणालात, तुम्ही लॉन्ड्रीत असता.”

“दुसऱ्यांचे उकळते,” आई म्हणाली. “हा बाळासाठी ठेवला होता. म्हणजे येणाऱ्या. ह्याला फेकून द्यायचं का?”

“फेकायची गरज नाही. चांगल्या गरम पाण्यात धुवा, कडक वाळवा. पण एका टॉवेलला एकच माणूस. वस्तरा, साबण, तेही ज्याचं त्याचं. जखम उघडी ठेवायची नाही, हात धुवायचे. आणि हे मलम तिघांनी नाकात लावायचं.”

“नाकात?” बाबा म्हणाले. “माझं नाक स्वच्छ आहे.”

“तो स्वच्छ नाकातही राहतो. भाडं देत नाही, कळत नाही.”

आईने विचारलं, “बाळ कधी आणायचं?”

“जखमा पूर्ण भरल्या, नवीन काही आलं नाही, की आणा. त्याआधी नको.” मग त्यांनी मामाकडे हात पुढे केला. “आणि तो डबा इथे राहू दे.”

मामाने डबा दिला. शिडी मागितली असती तर त्याने हसत दिली असती. डबा रिकामा करून त्याला परत मिळाला, पण वाटभर तो त्याने उलटा धरला होता.

घरी आल्यावर आईने मोठं पातेलं चढवलं. मला आत टाकलं. मित्रांनो, मी त्या अनुभवाबद्दल जास्त बोलणार नाही. आत गेलो तेव्हा निळा होतो. बाहेर आलो तेव्हा माझ्या रंगाला नाव नव्हतं. मामा म्हणाला की ह्याला शेड कार्डात नंबरही सापडणार नाही. मग दोरीवर, भर उन्हात, दोन्ही बाजूंनी. संध्याकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण वाळलो. पत्र्यासारखा कडक झालो. मी उभा राहू शकलो असतो. राहिलो नाही, बरं दिसलं नसतं.

आता घरात शिस्त आली. सकाळ-संध्याकाळ तिघं रांगेत उभे राहून नाकात मलम लावायचे. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर त्याला ती प्रार्थना वाटली असती. खुंट्यांवरचे टॉवेल ओले दिसू लागले. ताईला मुलगी झाली. आईने नातीला फोनवर पाहिलं. फोन पुसला, परत पाहिलं.

“कुणासारखी दिसते?” बाबांनी विचारलं.

“झोपलेली आहे. कळत नाही.”

ती रोज ताईला सांगायची, माझी जखम भरली, बाबांची भरत आली. ताई विचारायची, “आणि मामाची?” मामाची भरत होती. हात वर जाऊ लागला होता. छातीपर्यंतच्या भिंतीवाल्या माणसाकडे तो उरलेलं काम करायला जाऊन आला, पण त्या माणसाने आता करू दिलं नाही. त्याच्या शेजाऱ्यांनाही तसंच हवं होतं.

एका संध्याकाळी आई मला दोरीवरून काढून आत आली, तर मामा डब्याचं झाकण लावत होता. डबा खुळखुळला. रिकामा डबा खुळखुळत नाही.

“काय आहे त्यात?”

“काही नाही गं.”

“उघड.”

नव्या औषधाच्या काही गोळ्या होत्या. मामाने मान खाली घातली. “बरं वाटतंय आता. थोड्या शिल्लक ठेवल्या. चांगल्या जातीच्या आहेत, लॅबने पास केलेल्या. पुढच्याला लागतील.”

“पुढचा कोण?”

मामा बोलायला गेला आणि थांबला. घरात पुढचं येणारं माणूस एकच होतं. ते पाळण्यात मावणारं होतं.

आई रागावली नाही. तिने मला खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि त्याच्यासमोर बसली. “एक हात मारून शिडी काढतोस का रे तू भिंतीवरून?”

“नाही.”

“का?”

“पहिल्या हाताने झाकल्यासारखं दिसतं. नंतर पोपडे निघतात.”

“मग?”

मामाने डबा तिच्याकडे सरकवला. आई म्हणाली, “फोन लाव. मधल्या चुकल्या, आता कशा घ्यायच्या, विचार.” मामाने दवाखान्यात फोन लावला. ह्या वेळी त्याने आवाज खाली आणला नाही. नावही सांगितलं, गोळीचं. ते त्याने पाठ केलं होतं. डॉक्टरांनी त्याला बोलावलं, जखम पाहिली, पुढे किती दिवस घ्यायचं ते नव्याने सांगितलं, आणि जाताना म्हणाल्या, “डबा?” मामा म्हणाला, “ब्रश ठेवतो त्यात.”

ताईचं येणं तेवढं पुढे गेलं. आईने ते ताईला स्वतःच कळवलं, मामाचं नाव न घेता. “आम्हालाच अजून थोडं थांबायचंय,” एवढंच म्हणाली. मामा शेजारीच बसला होता. त्याने त्या रात्री जेवताना तिच्या ताटात आपली भाजी वाढली. त्याला ती भाजी आवडत नव्हती, पण तरी.

मग तिघांच्याही जखमा भरल्या. नवीन काही आलं नाही. डॉक्टरांनी तिघांना उलटंसुलटं करून पाहिलं आणि हो म्हणाल्या.

ताई यायच्या दिवशी सकाळी आईने मला हातात घेतलं. मी उकळलेला होतो, वाळलेला होतो, कडक होतो. माझ्यात आता काही नव्हतं. तिने मला नाकाजवळ धरलं, घडी केली आणि पाळण्यात ठेवलं. मला वाटलं, बरं झालं. मग ती जरा उभी राहिली आणि तिने मला परत बाहेर काढलं.

“हा सगळ्यांचा आहे,” ती बाबांना म्हणाली. “तिला तिचा हवा.”

पाळण्यात तिने एक पंचा ठेवला. छोटा, पांढरा, कोरा, कुणाचाच नसलेला. आणि मला दाराशी अंथरलं. पायपुसणं म्हणून.

दुपारी बाबांची गाडी आली. बाबा सरळ बसले होते, त्यामुळे गाडी सरळ आली. ताई दारात आली. हातात ती होती, एवढीशी, झोपलेली. ताईने माझ्यावर पाय पुसले आणि खाली पाहिलं.

“आई, ह्याच्यावर लिहिलंय की. ‘गरम पाण्यात धुवावा.’”

“मला वाचता येतं,” आई म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत साबणाने धुतलेले होते आणि तिने ते पुढे केले.

मित्रांनो, माझ्या आता फार इच्छा नाहीत. टॉवेल कितीही मऊ असला तरी एकाचाच असू द्या. त्याला उन्हात जाऊ द्या, त्याला आवडत नसलं तरी. फोड दाबू नका, झाका, आणि डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या शेवटपर्यंत घ्या, आणि दुसऱ्याच्या उरलेल्या घेऊ नका, रंग कितीही जुळत असला तरी. बिस्किटांच्या डब्यात बिस्किटं ठेवा.

आमच्या घरात जो येतो तो आधी माझ्यात येतो, असं आई म्हणायची. ही पहिलीच, जी माझ्यावरून आत गेली. ताईच्या हातात, उंचावरून, मला न लागता. आईने तिला घेतलं तेव्हा ती रडली, आणि पांढऱ्या पंचात गुंडाळल्यावर थांबली. तिला झोप आली होती. श्रेय पंचाला मिळालं. मिळू दे.